गव्हाणीतल्या दोघी

आमच्या घरात भासऱ्यांशी तोंडावर बोलायची रीत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. ते अंगणात आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, बाजेवरून उठायचं आणि जे काही सांगायचं असेल ते जाऊबाईला सांगायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी पोरगी कॉलेजात जाईपर्यंत मी हेच केलं. मी तिखट निरोप दिला की जाऊबाई त्यात गूळ कालवून पोचवायची, म्हणून भांडण असं कधी झालंच नाही. मग मागच्या उन्हाळ्यात ती थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला वणीला गेली ती तिकडेच रमली, आणि माझ्या निरोपांना वाटच उरली नाही. तेव्हा मी गिनीपिगांशी बोलायला लागले. मोठ्याने. पलीकडच्या ओसरीवर बसलेल्या भासऱ्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

हसायचं असेल तर हसून घ्या. सगळं गाव हसून मोकळं झालं आहे.

ती जोडी माझ्या पोरीने आणली. ती नागपूरला शिकते. खोलीवरच्या मैत्रिणींनी मिळून हौसेने पाळली, मग घरमालकिणीने आरडाओरडा केला, आणि हौस कोणाच्या गळ्यात पडली तर आईच्या. उमरखेडच्या स्टँडवर एस.टी.तून उतरली तेव्हा तिच्या हातात भाजीची टोपली होती आणि वर ओढणी बांधलेली. मला वाटलं, पोरीने संत्री आणली. तेवढ्यात टोपलीतून शिट्टी वाजली.

"अवं माय, हे काय वं?"

"आई, होळीच्या सुट्टीपुरतंच," ती म्हणाली.

सुट्टी संपली, पोरगी गेली, टोपली राहिली. एक काळी, एक तांबडी-पांढरी, दोन्ही माद्या. शेपूट नाही, मान नाही, पाय जेमतेम. पोरीने त्यांना इंग्रजी नावं ठेवली होती, ती काही माझ्या जिभेला वळली नाहीत. मी दोघींना बाई म्हणायचे.

ठेवायच्या कुठे हा प्रश्नच नव्हता. आमचा कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, रिकामा पडला होता. बैलजोडी आदल्या साली विकली, आता नांगरटी-वखरटी सगळी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. रिकामी गव्हाण मला पाहवायची नाही, म्हणून मी त्या बाजूला जायचंच सोडलं होतं. ती गव्हाण घासूनपुसून घेतली, खाली भुशासारखं सोयाबीनचं कुटार पसरलं, मांजरासाठी वरून जुन्या खिडकीची जाळी ठेवली. दोन बैल जिथे तोंड घालायचे तिथे या दोन मुठीएवढ्या बाया राहायला लागल्या.

मे महिन्यात त्या जगतील असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडचं ऊन म्हणजे माणसाचंही खरं नसतं. मी गव्हाणीवर ओलं पोतं टाकायची, आत फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घालून ठेवायची, त्याच्या गारव्याला दोघी पोट टेकून पडायच्या. पोरगी फोनवरून शिकवायची. आई, त्यांना रोज हिरवं लागतं. आई, सरकीची ढेप देऊ नको. आई, सांबार दे, शेवग्याचा पाला दे, नाहीतर त्यांचे सांधे धरतात. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, तुम्ही आपलं इडलीसोबतचं समजाल. मी परसात सांबाराचा वाफा टाकला. घरच्या माणसांसाठी कधी टाकला नव्हता, खोटं कशाला बोलू?

आणि माझी चाहूल लागली की त्या शिट्ट्या मारायच्या. मी अजून अंगणातच असायची, कोठ्यातून यांचं सुरू. खाऊन पोट भरलं की जागच्या जागी उड्या मारायच्या, मक्याची लाही फुटावी तशा. माझ्या पावलाच्या आवाजाने कोणाला इतका आनंद झालेला मी या घरात पाहिला नव्हता. मला ते फार आवडलं. लाज वाटावी इतकं आवडलं, आणि मग मी म्हटलं, लाज कायची?

गावाचा प्रश्न एकच. काय कामाच्या? शेजारीण विचारे, दुकानदार विचारे, ढोरांच्या डॉक्टरने तर टोपलीत डोकावून कपाळालाच हात लावला. "बैल असता तं इलाज सांगतला असता, ताई," म्हणाला. भासरे मला विचारू शकत नव्हते, म्हणून माझ्या देखत नवऱ्याला विचारायचे.

"हे काय उंदरं बसवले रे गव्हाणीत? दूध देते का अंडं देते? कायले पोसून राह्यले?"

नवरा मान खाली घालून बसायचा. भावासमोर तो कधीच बोलला नाही. वडील लवकर गेले, भासऱ्यांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे दादा म्हणेल ती पूर्व. मग मी कोठ्यात जाऊन काळीला हातावर घ्यायची आणि आवाज चढवायची.

"ऐकलं का बाई? काम इचारून राह्यले तुले. तू म्हण, मले काम नाही, मले भूक आहे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी तर मजाच झाली. पूर्वी त्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावायचो आणि कानात सांगायचो, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आता बैलच नाहीत. भासऱ्यांनी बाजारातून मातीची जोडी आणली, पाटावर ठेवली आणि मोठ्या भक्तीने तिच्या मातीच्या खांद्यांना हळद लावली. माझ्याने राहवलं नाही.

"कावं बाई," मी गव्हाणीत वाकून म्हटलं, "यंदा मातीच्या बैलानं किती वावर वखरलं, काही मालूम आहे का तुले?"

पलीकडे वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला, जरा जोरातच. नवरा खोकल्याचं निमित्त करून अंगणाबाहेर गेला. तो हसत होता, मला पाठीवरून कळलं. दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळीचा नैवेद्य मातीच्या बैलांना दाखवला आणि गव्हाणीत सांबाराची जुडी ठेवली.

पण खरं भांडण कामावरून नव्हतं, गवतावरून होतं. त्या दोघींना रोज ताजं गवत लागायचं, आणि आमच्या शिवारात पावसाळ्यात चांगलं गवत मिळत नाही म्हटलं तर बाहेरचा माणूस वेड्यात काढेल. पण नाहीच मिळत. आता निंदायला कोणी बाया लावत नाही, तणनाशक मारतात. वावरात मारतात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर मारतात, पांधणीच्या म्हणजे गाडीवाटेच्या कडेला मारतात. ज्यावर फवारा पडला ते गवत पिवळं पडायला आठवडा घेतं, तोवर हिरवंगारच दिसतं. आमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, लागून एकच धुरा बिनफवाऱ्याचा राहिला होता, नाल्याकडून निघून पांधणीला मिळणारा. त्याच्यावर घोट्याएवढी हरळी होती. रोज सकाळी इळा घेऊन मी तिथलं गवत कापून आणायची. हा धुरा राहिला तर माझ्या दोघी जगणार होत्या, नाहीतर नाही. इतकं ते सरळ होतं.

आणि भासऱ्यांना नेमका तोच धुरा डोळ्यात खुपायला लागला.

"साप होतीन," ते नवऱ्याला सांगायचे. "तणाचं बी पऱ्हाटीत जाईन. लोकं म्हणते, दोघं भाऊ असून वावराचं जंगल केलं. पुढच्या फवाऱ्याले तो धुराही घे."

"बाई," मी कोठ्यातून ओरडायची, "तुह्या ताटात कोणी इख टाकतो म्हणते. मी जिवंत आहे तोवर टाकून दाखवा म्हणा!"

असं ते महिनाभर चाललं. नवरा मधल्यामध्ये भरडला जायचा. फवाऱ्याचा पंप त्याच्याच पाठीवर असायचा, कारण भासऱ्यांना शुगर आहे, त्यांना ओझं चालत नाही. दरवेळी तो धुऱ्यापाशी येऊन थांबायचा आणि दवा संपली म्हणून घरी यायचा. दवा खरंच संपायची की काय, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

पऱ्हाटीला बोंडं धरली तेव्हा अळीचा फवारा सुरू झाला. तो दिवस मला आवडत नाही, कधीच आवडला नाही. नवरा सकाळी तोंडाला दुपट्टा बांधून जातो आणि दिवस बुडता परत येतो. डोळे लाल, जेवण नको, बोलणं नको. काय झालं विचारलं तर ऊन लागलं म्हणतो. आभाळ भरून आलेलं असलं तरी ऊनच लागलेलं असतं.

त्या दिवशी मला ताप होता, मी गवताला गेले नव्हते. संध्याकाळी तो आला तो थेट कोठ्यात गेला. मी बाजेवरून पाहिलं, त्याच्या काखेत गाठोडं होतं. त्याने धुऱ्यावरचं गवत कापून आणलं होतं. न सांगता. भावाने उंदरं म्हटलं की मान खाली घालणाऱ्या माणसाने दिवसभर पंप ओढून वर माझ्या बायांसाठी गवत कापलं, दुपट्ट्यात बांधलं आणि गव्हाणीत सोडलं. मला इतकं बरं वाटलं की ताप उतरल्यासारखं झालं. पण आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

सकाळी शिट्टी वाजली नाही.

तांबडी कुटारावर आडवी पडली होती. तोंडातून लाळ गळून छातीपर्यंत आली होती, मागचे पाय ताठ. काळी दूरच्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती. मी गवत उचलून वास घेतला. गवताला गवताचा वास होता. मग दुपट्टा उचलला. तो तिथेच गव्हाणीच्या काठावर पडला होता. नाकाजवळ नेला. फवाऱ्याचा तो वास आमच्याकडे लहान पोरालाही ओळखता येतो. दिवसभर तोंडाला बांधलेला, फवाऱ्याने भिजलेला दुपट्टा, त्यातच त्याने गवत बांधलं होतं. गवत स्वच्छ होतं. माझ्या धुऱ्याचंच होतं.

मी बोंब मारून रडले. उंदरासाठी रडते म्हणून कोणी हसलं असेल तर त्याला माझं सांगणं आहे, तुम्हाला कोणासाठी रडता येतं ते एकदा बघा. नवरा कोठ्याच्या दारात उभा होता. "मले काय माहीत," एवढंच म्हणाला, आणि फावडं घेऊन कोठ्यामागे खड्डा केला. माती मी टाकली.

माती टाकताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या दुपट्ट्यात गवत रातभरही राहिलं नव्हतं, घटकाभर बांधलं होतं. तेवढ्याने जीव गेला. आणि हा माणूस तोच दुपट्टा सकाळपासून दिवस बुडेपर्यंत नाकातोंडावर घेऊन फिरतो. दरवर्षी. मी हाताने धुऊन, घडी करून त्याला देते.

काळीने खाणं टाकलं. पोरीने फोनवर सांगितलं, खाल्लं नाही तर हिची आतडी बंद पडतात. मग मी गवत पाट्यावर वाटायची, पाणी घालून पातळ करायची आणि बिनसुईच्या सिरींजने थेंब थेंब तिच्या गालात सोडायची. पोटाशी धरून, दिवसातून कितीदा तरी. गवत त्याच धुऱ्याचं. आता तर तो धुरा मी कोणालाच देणार नव्हते. घरात मी कोणाशी बोलत नव्हते, तिच्याशीही मोठ्याने बोलत नव्हते. भासऱ्यांना वाटलं असावं, बाई थंडावली.

एका दुपारी तांड्यावरची एक बाई धापा टाकत अंगणात आली. ती कधीमधी आमच्याच धुऱ्यावरून बकऱ्यांसाठी भारा नेते.

"बाई, तुमच्या धुऱ्यावर पंप आला नं!"

मी काळीला गव्हाणीत ठेवलं, इळा घेतला आणि निघाले. चप्पल घातली की नाही ते आठवत नाही. धुऱ्यावर भासरे तणनाशकाचा डबा घेऊन उभे होते आणि नवऱ्याच्या पाठीवर पंप होता. तोंडाला दुपट्टा. मी सरळ जाऊन हरळीच्या मधोमध उभी राहिले. सवयीने मान वळवली, मोठ्याने कोणाला तरी सांगायला, तर हातावर काळी नव्हती. आता काय पऱ्हाटीशी बोलू? मी डोक्यावरचा पदर मागे सारला.

"भाऊजी," मी म्हटलं.

भासऱ्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलं की काय म्हणून.

"तुमच्याशीच बोलून राह्यली. इथी फवारा पडणार नाही."

ते माझ्याकडे बघेनात. नवऱ्याला म्हणाले, "हिले समजाव रे. एका उंदरासाठी वावर जाळतं का?"

"यायले नका सांगू, मले सांगा. उंदीर तं गेला माहा. गवतानं नाही गेला, यायच्या तोंडाच्या फडक्यानं गेला. घटकाभर त्या फडक्यात गवत बांधलं, अन् सकाळी जीव नव्हता. अन् हा माणूस दिवसभर तेच फडकं हुंगते! कोणासाठी? एकीले पुरलं मी. आता दुसऱ्या कोणाले पुरत नाही. फवारायचाच असन तं पहिले माह्यावर मारा."

"सगळं गाव फवारते," भासरे म्हणाले. आवाज चढला होता, पण आता तो माझ्याशीच होता. "कोणाले काय झालं?"

"कोणाले काय झालं ते तुमाले ठाऊक आहे. मले नावं घ्यायले लावू नका."

नवऱ्याने पाठीवरचा पंप उतरवला आणि हळूच जमिनीवर ठेवला. तोंडावरचा दुपट्टा सोडला. मला वाटलं, आता हा माझी समजूत घालणार, आणि घातलीच तर इळा हातात होता.

"दादा," तो म्हणाला, "मले दिवस बुडाला की दिसत नाही."

"कव्हा?" मी विचारलं.

"फवाऱ्याच्या दिवशी. धुक्यावाणी धुपट येते डोळ्यासमोर. मागच्या सालापासून. बाकी धुरे जळले, तिथी पायाले काही समजत नाही, पऱ्हाटीत घुसतो. ह्या धुऱ्याले गवत आहे. चप्पल काढली की पायाले गवत लागते. गवतागवतानं पांधणीवर येतो, मंग घर सापडते." मग तो माझ्याकडे वळला, पण मान वर केली नाही. "म्हणून त्या दिवशी तुह्या बाईसाठी गवत नेलं. म्हटलं, तिच्या गवतानं मी रोज घरी येतो."

भासऱ्यांच्या हातातला डबा तसाच होता. त्यांनी झाकण लावायला घेतलं आणि ते काही आट्यांवर बसेना. मला त्यांची दया आली आणि रागही आला. पण सगळ्यात जास्त राग नवऱ्याचा आला. एक साल! एक साल हा माणूस पाय चाचपत घरी येतो, माझ्या हातची भाकरी बाजूला सारतो, आणि मला म्हणतो ऊन लागलं!

"मले काहून नाही सांगतलं?" मी ओरडले.

"सांगून काय करतं? फवारायले कोण जाईन?"

मी तो दुपट्टा त्याच्या हातातून हिसकला आणि नाल्यात भिरकावला. "कोणीच नाही जाईन," मी म्हटलं. "अळी खाईन तं खाऊ दे. उद्या उमरखेडले डॉक्टरकडे जायचं. एक शब्द बोलायचा नाही."

मी खाली बसून काळीपुरतं गवत कापलं, पदराच्या ओट्यात भरलं, आणि नवऱ्याचा हात धरून त्याला पांधणीने घरी आणलं. भर दुपारी, लख्ख उजेडात, त्याला सगळं दिसत असताना. दारादारात बाया उभ्या राहून बघत होत्या. त्याने एकदा हात सोडवायला पाहिला, मी सोडला नाही.